नफ्याचा हिशेब आणि गावाचे सुख

दारूची विक्री वाढली की शासनाचा महसूल वाढतो आणि राष्ट्रीय उत्पन्नातही भर पडते. त्या विक्रीपायी ज्या घरची चूल पेटली नाही, त्या घराची नोंद मात्र कोणत्याही खतावणीत होत नाही. अर्थशास्त्रातील ही उणीव शाळा अर्धवट सोडलेल्या एका भजनकाराने फार पूर्वी ओळखली होती.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब कुटुंबात माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. तेच पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून विख्यात झाले. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा अनुग्रह लाभल्यानंतर चिमूर परिसरातील रामदेगीच्या अरण्यात त्यांनी साधना केली. चांद्याच्या वनप्रदेशाशी त्यांचे नाते जडले ते असे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटून उठले. परकीय सरकारला त्यामागे महाराजांच्या खंजिरीचा नाद ऐकू आला असल्यास नवल नाही. महिनाअखेर त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूर येथील कारावासानंतर डिसेंबरमध्ये सुटका झाली.

पुढील आयुष्य त्यांनी ग्रामरचनेला वाहिले. १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांत आरोग्य, शिक्षण, श्रम, उद्योग, स्त्रियांचा मान व व्यसनमुक्ती या साऱ्यांचा विचार एकत्र आहे. उद्योगाला वा मिळकतीला त्यांचा विरोध नव्हता. परंतु श्रमणाऱ्याचे घर दुःखी ठेवणाऱ्या संपत्तीला ते समृद्धी मानत नसत. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराची कसोटी याच भूमीत लागली. लोकचळवळीच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये गडचिरोलीत व २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी आली. चंद्रपुरातील बंदी अवैध दारू व वाढती गुन्हेगारी ही कारणे देऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली. केवळ कायद्याने व्यसन सुटत नाही, हे यातून दिसले, हे मान्य केले पाहिजे. तथापि महाराजांची भिस्त कायद्यापेक्षा गावाच्या सामुदायिक निर्धारावर अधिक होती, हेही विसरता येणार नाही. कोळसा, सिमेंट व वनसंपत्ती यांनी संपन्न असलेल्या या प्रदेशाने महसुलाच्या आकड्याशेजारी घरोघरचे आरोग्य, शिक्षण व स्वस्थता यांचाही ताळेबंद मांडला पाहिजे. तो मांडण्याचे काम ग्रामसभांनी हाती घेतले, तरच सुखाला अर्थव्यवस्थेत स्थान मिळेल.