टॉवर पाडणारे भाई कोतवाल माहितीयेत, पण त्याआधी त्यांनी गावागावात धान्याची कोठी सुरू केली होती

दादरला प्लाझासमोर एक बाग आहे. कोतवाल गार्डन. कुणाला भेटायचं ठरलं की हमखास तिथलाच पत्ता दिला जातो. पण हे कोतवाल कोण, असं विचारलं की बरेचजण गप्प होतात.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल. 1 डिसेंबर 1912 ला माथेरानमधल्या गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिकायला ते पुण्याला गेले, पुढं वकील झाले. शहरात राहून चांगली वकिली करता आली असती, पण भाई आपल्याच भागात परतले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले.

माथेरानच्या खाली नेरळ, कर्जत आणि पुढं मुरबाड, शहापूर हा सगळा भाताचा पट्टा. इथलं दुखणं एकच होतं.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपायचं आणि लावणीही नेमकी तेव्हाच असायची. मग सावकाराकडून खावटी घ्यायची. एक मण भात उचललं, तर सुगीला दीड मण परत. ते फेडलं की घर पुन्हा रिकामं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच दार. फेडता आलं नाही, तर जमीन जायची.

भाईंनी यावर धान्य कोठीचा उपाय काढला. सुगीत भात कोठीत साठवायचं, पावसाळ्यात गरजूंनी तिथून न्यायचं आणि पीक आलं की परत भरायचं. धान्य तेच, शेतकरीही तेच. फक्त मधला सावकार गेला.

सोबत त्यांनी गावोगावी शाळा काढल्या. कारण हिशेब वाचता येत नसेल, तर अंगठा कशावर उठवला हे कळणार कसं?

मग 1942 आलं. चलेजाव चळवळीत भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. सह्याद्रीतल्या वीज केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज जायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्यानं विजेचे टॉवर करवतीनं कापून पाडले. सरकारनं भाईंवर बक्षीस लावलं.

जंगलात लपलेल्या माणसांना भाकरी लागते, वाट दाखवणारा लागतो, तोंड बंद ठेवणारं गाव लागतं. भाईंना हे सगळं मिळालं, कारण पावसाळ्यात चूल कुणामुळं पेटली हे लोक विसरले नव्हते.

पण अखेर ठावठिकाणा फुटलाच. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीनं दस्त्याला घेरलं. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल, दोघंही गोळ्यांना बळी पडले. भाईंचं वय होतं अवघं 30.

दरवर्षी 2 जानेवारीला लोक सिद्धगडावर जाऊन दोघांना मानवंदना देतात.

पुढं स्वतंत्र महाराष्ट्रात आदिवासींना पावसाळ्यात धान्य मिळावं म्हणून सरकारला योजना आणावी लागली. तिचं नावही खावटीच. पण मुरबाडच्या वेशीवरच्या गावांनी सरकारची वाट बघितली नव्हती. आपल्या भुकेचा बंदोबस्त त्यांनी आपल्याच भातातून केला होता.