तीन बिंदूंवरून समीकरण ओळखणारा गणिती

इटलीतील माजोरे सरोवराच्या काठी, सेलास्का येथे २० जुलै १८६६ रोजी बर्नहार्ट रीमान यांची प्राणज्योत मालवली. क्षयाने ग्रासलेल्या या जर्मन गणितज्ञाचे वय तेव्हा अवघे ३९ वर्षांचे होते.

हॅनोव्हर राज्यातील ब्रेसेलेंझ या खेड्यात १७ सप्टेंबर १८२६ रोजी एका गरीब धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचाच वारसा चालवावा म्हणून १८४६ मध्ये ते ग्योटिंगेन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकण्यास दाखल झाले. मात्र मन रमले गणितात. वडिलांनी संमती दिली आणि १८५१ मध्ये थोर गणिती गाउस यांच्याकडे रीमान यांनी डॉक्टरेट मिळवली.

पुढची वाट खडतर होती. अध्यापनाचा हक्क मिळाला, पण प्राप्ती विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच अवलंबून. १८५५ मध्ये वडील गेले, १८५७ मध्ये भाऊ गेला आणि बहिणींचा भार त्यांच्यावर आला. त्याच १८५७ साली त्यांचा हायपरजिऑमेट्रिक फलांवरील निबंध प्रसिद्ध झाला.

गाउस यांनी १८१२ मध्ये या श्रेढीचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. तिच्या अवकल समीकरणात शून्य, एक आणि अनंत हे तीन अपवादात्मक बिंदू असतात. लांबलचक आकडेमोडीऐवजी रीमान यांनी निराळाच प्रश्न विचारला: या बिंदूंजवळ उत्तरे कशी वागतात आणि त्यांच्याभोवती फेरी मारल्यावर कशी बदलतात? एवढ्या माहितीवरून फलाची संपूर्ण ओळख पटते, हे त्यांनी दाखवून दिले.

दोन अपवादात्मक बिंदू परस्परांत विलीन झाले, की मात्र ही ओळख अपुरी पडते. तेथे उत्तरे घातांकी वेगाने वाढू शकतात. दोन भिन्न समीकरणांची उत्तरे फेरीनंतर सारखीच परत येतात. यालाच अनियमितता म्हणतात. नियमित बिंदूंची कसोटी लाझारुस फुक्स यांनी १८६६ मध्ये, म्हणजे रीमान यांच्या निधनाच्याच वर्षी मांडली.

१८५९ मध्ये रीमान यांना एकेकाळी गाउस यांनी भूषविलेले अध्यासन मिळाले. १८६२ मध्ये एलिझे कोख यांच्याशी विवाह झाला. पण त्याच वर्षी आजाराने गाठले. हवापालटासाठी इटलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. पिसा येथे कन्या इडा जन्मली. स्थैर्य लाभले, तोवर आयुष्य सरत आले होते.

त्यांचा प्रश्न मात्र मागे उरला. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये मांडलेल्या २३ प्रश्नांत त्याला एकविसावे स्थान मिळाले. १९८०च्या सुमारास मासाकी काशीवारा आणि झोगमान मेबखूत यांनी बैजिक विश्लेषणाच्या साहाय्याने, स्वतंत्रपणे, नियमित समीकरण-संहतींसाठी त्याचे व्यापक उत्तर दिले. अनियमित संहतींसाठीचे उत्तर काशीवारा आणि आंद्रेआ दान्योलो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. काशीवारा यांना २०२५चा आबेल पुरस्कार मिळाला.

रीमान यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन एका खंडात मावावे एवढेच. त्यातील एका निबंधाने उघडलेली वाट पुरती चालून जाण्यास गणितज्ञांना दीड शतकाहून अधिक काळ लागला.