पुढाऱ्याची पारख

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे कस्तुरचंद पार्कवर गर्दी लोटते, आणि ज्याच्या भाषणास टाळ्या अधिक तो पुढारी मोठा, असें आपले नागपूरकर बंधु सहज धरून चालतात. इतवारींतला व्यापारी दुकानांत बसला असतां मात्र असा फसत नाहीं. नुसत्या गोड बोलण्यावर तो उधार देत नाहीं. वहींतली आपली चूक जो आपण होऊन दाखवितो, त्यास देतो. हीच कसोटी मत देतांना तो कां विसरतो, हें आम्हांस कोडें आहे. यासाठीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवतों.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. वडील लवकर वारले; थोरल्या भावानें तुटपुंज्या पगारांतून पैसे पाठवून त्यांस शिकविलें. पुढें त्यांनीं पुण्यास अल्प वेतनावर अध्यापन पत्करलें. सभा गाजविणें हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांची सारी भिस्त आंकड्यांवर व अभ्यासावर.

१८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. तेथें असतां, पुण्याच्या प्लेगबंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचीं पत्रें त्यांस आलीं, व तो आरोप त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांतून जाहीर केला. परत आल्यावर पाहतात तों पुराव्यास कोणी पुढें येईना. पत्रलेखकांचीं नांवें सांगितलीं असतीं तर गोखले स्वतः सुटले असते. पण रँडच्या खुनानंतरच्या त्या दिवसांत पत्रलेखकांची काय गत झाली असती, तें उघड आहे. त्यांनीं नांवें मनांतच ठेविलीं, आणि गव्हर्नरची व शिपायांचीही जाहीर माफी मागितली.

माफी जरुरीपेक्षां सढळ होती, असें तेव्हांही पुष्कळांचें म्हणणें होतें. आमचें मतही त्याहून फार निराळें नाहीं. ज्यांच्या जाचानें शहर गांजलें त्यांचीच क्षमा मागितलेली पाहून लोक खवळले. भित्रा म्हणून गोखल्यांची निर्भर्त्सना झाली. त्याच वर्षाअखेर आपल्या शेजारीं अमरावतीस काँग्रेस भरली, तेथेंही हा रोष त्यांच्या वांट्यास आला. लोकप्रियता हेंच ज्याचें भांडवल, त्याचें येथेंच दिवाळें वाजलें असतें.

पुढच्या वर्षीं पुण्यांत प्लेगनिवारणाच्या कामीं गोखले स्वयंसेवक म्हणून राबले. १८९९ सालीं मुंबई कायदेमंडळावर ते निवडून आले, १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळांत बसूं लागले. १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला व काशीच्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलें. आपल्या नागपुरांतील 'हितवाद' पत्राचा १९११ चा आरंभही त्यांचाच. त्याच वर्षीं आणलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मात्र पुढल्या वर्षीं फेटाळलें गेलें. १९१४ सालीं सरकारनें देऊं केलेला 'सर' हा किताब त्यांनीं नाकारला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. ज्यांच्याशीं त्यांचा इतक्या वर्षांचा विरोध, ते लोकमान्य टिळक ही वार्ता कळतांच सिंहगडावरून खालीं आले, आणि स्मशानांत जमलेल्या लोकांपुढें त्यांनीं गोखल्यांचा गौरव केला.