सर्पगंधेचे डोळस पारखी : डॉ. रुस्तम जाल वकील

भारतीय औषधी परंपरेला जागतिक वैद्यकात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. पारशी कुटुंबात १९११ साली जन्मलेल्या वकिलांनी लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरुग्णांच्या सेवेस वाहून घेतले.

त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मिठाशिवायचा कडक आहार, गुंगीची औषधे किंवा मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही १९४५ साली याच विकारातून उद्भवलेल्या मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू आला.

इकडे सर्पगंधेचे मूळ वैद्य-हकीम शतकानुशतके सर्पदंशावर आणि वेडावर देत आले होते. १९३१ साली सेन आणि बोस या बंगाली डॉक्टरांनी त्याचा रक्तदाबावरील परिणाम नोंदविला. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दीकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली. परंतु हे संशोधन देशाबाहेर फारसे पोहोचले नाही.

ही कोंडी वकिलांनी फोडली. मूळ जुने आहे म्हणून ते गुणकारी मानावे, ही श्रद्धा त्यांना मान्य नव्हती. आणि ते देशी आहे म्हणून टाकाऊ ठरवावे, हा अहंकारही नव्हता. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे काटेकोरपणे मांडली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ती प्रसिद्ध केली. आजच्या निकषांनी ही चाचणी लहान वाटेल; पण तिने पाश्चात्त्य जगाचे डोळे उघडले. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन रिकामे करून ते रक्तवाहिन्या सैल करते, हे पुढे उमगले.

या कार्यासाठी १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा प्रतिष्ठित लास्कर पुरस्कार लाभला; १९५८ साली पद्मभूषण आणि १९६५ साली भटनागर पुरस्कारही. दरम्यान औषधाची दुसरी बाजूही उघड झाली. मोठ्या मात्रेने काही रुग्णांना तीव्र खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या, म्हणून मात्रा घटवावी लागली. नवी औषधे आली आणि रिसर्पिन हळूहळू मागे पडले. आज ते क्वचितच वापरले जाते.

१९७४ साली वकिलांचे निधन झाले. औषध मागे पडले, तरी त्यांनी घालून दिलेला धडा मागे पडत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने ती तपासण्याचे कष्टही घ्यावेत, हे या साक्षेपी वैद्याने आपल्या कृतीने दाखवून दिले. आयुर्वेदाच्या नावाने मोठमोठे दावे केले जात असताना त्यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.