शोला अजून विझलेला नाही!

प्रत्येक होस्टेलमध्ये एक तरी रूम अशी असतेच, जिथे झेडझेड टॉपचा १९७३ सालचा 'ट्रेस होम्ब्रेस' हा अल्बम देवघरातल्या समईसारखा जपला जातो. सबमिशन असो की वायवा, 'ला ग्रांज'ची गिटार सुरू झाली की पाय हलणारच! या प्रकाराला बूगी रॉक म्हणतात. त्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पियानोवादकांच्या बूगी-वूगीत आहे. डावा हात खालच्या पट्टीत एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि उजवा हात वर वाट्टेल ती मजा करतो. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर खाली फ्लायव्हील फिरत असतं, म्हणून वर कितीही उड्या मारता येतात.

पण ही मजा आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या खूप आधी आली होती आणि ती आणणाऱ्यांत एक मराठी माणूस सर्वांत पुढे होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांबे गावी झाला. गाण्याचं शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात झालं. म्हणजे पाया अगदी पक्का शास्त्रीय! पण त्यांना व्हायचं होतं सिनेमातला हीरो. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' सिनेमात ते नायक झालेसुद्धा. सिनेमा चालला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका आणि तिथल्या संगीतकारांसाठी हार्मोनियम वाजवणं सुरू झालं. हीरो व्हायला आलेला मुलगा पेटीवर बसला, आणि तिथेच त्याचं नशीब बसलेलं होतं.

संगीतकार म्हणून सुरुवात झाली तमिळ सिनेमांतून. मग १९४२ मध्ये मास्टर भगवान यांचा 'सुखी जीवन' मिळाला आणि दोघांची जोडी जमली. भगवान म्हणजे आपले भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. दोघेही मराठी, दोघेही खिशाने हलके आणि डोक्याने भन्नाट!

१९४७ च्या 'शहनाई' सिनेमात रामचंद्रांनी रविवारचं आमंत्रण देणारं ते प्रसिद्ध गाणं केलं, त्यात चक्क शीळ वाजवली. १९४९ च्या 'पतंगा'त रंगून ते डेहराडून टेलिफोन लावला. नाकं मुरडणारे तेव्हाही होते, पण पब्लिक खूष होतं. आणि १९५१ मध्ये आला 'अलबेला'.

'शोला जो भडके' ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. सिनेमाची गाणी राजेंद्र कृष्ण यांनी लिहिली होती. पडद्यावर भगवानदादा ज्या आवाजात गातात तो 'चितळकर' नावाचा गायक म्हणजे स्वतः सी. रामचंद्रच! लतादीदींबरोबर ते असे बिनधास्त गातात की गळा कमावलेला आहे हे विसरायला होतं. आणि याच सिनेमात 'धीरे से आजा री' ही अंगाईसुद्धा आहे. नाचवायचं कसं आणि झोपवायचं कसं, दोन्ही एकाच माणसाला ठाऊक होतं.

हा ठेका त्यांनी एकट्याने उभा केला नव्हता. त्यांच्यामागे गोव्याचे वादक होते. त्यातले एक चिक चॉकलेट, मूळचे आल्दोनाचे, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईत ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवादक रामचंद्रांचा सहायक होता. 'अलबेला'त झालरीचे शर्ट घालून जो बँड दिसतो, तो चिक चॉकलेट यांचाच. पुढे १९५७ च्या 'आशा' सिनेमात 'ईना मीना डीका' आलं. कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या प्रत्येकाला त्यातलं इंग्रजी बालगीत लगेच ओळखू येईल. पण त्यातच 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्दही आहेत, आणि ते जॉन गोम्स या गोव्याच्या सहायकाने घातले असं सांगतात. पुणतांब्याचा चितळकर आणि गोव्याचा गोम्स, आणि नाचला अख्खा देश!

आता कोणी म्हणेल, हे सगळं उसनंच ना? काही चाली सरळ परदेशी गाण्यांवरून घेतल्या होत्या, हे खरंच आहे. पण याच माणसाने १९५३ मध्ये 'अनारकली' केला, १९५९ मध्ये 'नवरंग' केला. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लतादीदींनी गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों' हे कवी प्रदीप यांचं गीतसुद्धा यांचंच. ते ऐकून पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. एकच हात देशाला रडवतो आणि नाचवतो, तर त्याला फक्त उसनवारी म्हणून कसं चालेल?

मी मोखाड्याचा. आमच्याकडे वारली पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास तारपा वाजतो. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, एवढाच मालमसाला. तारपकरी एकच छोटा तुकडा घोळवत राहतो आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून माणसं त्याच्याभोवती गोल फिरत राहतात. बूगीचा आणि तारप्याचा काही नातेसंबंध नाही, पण पायांना दोन्ही कळतात. तारप्यावर वाढलेल्या पोराला 'शोला' समजावून सांगावा लागत नाही. गाणं उसनं घेता येईल हो, पण नाचणारे पाय कुठून उसने आणणार?

साठच्या दशकात रामचंद्रांकडचं हिंदी काम कमी होत गेलं. मग त्यांनी 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी सिनेमे काढले. त्यांना संगीत दिलं आणि त्यांत कामही केलं. 'घरकुल'मधलं 'हाऊस ऑफ बांबू' म्हणजे सत्तरच्या दशकाच्या तोंडावर मराठीत घुसलेला अस्सल परदेशी ठेका! मोखाड्याच्या माणसाला बांबूच्या घराचं काय कौतुक, पण गाण्याचं मात्र आहे. १९७७ मध्ये त्यांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं आणि ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर होता. भगवानदादांनी 'अलबेला'वर कमावलेला बंगला आणि गाड्या सगळं गेलं आणि २००२ मध्ये तेही गेले.

गंमत बघा. या माणसाने राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशा नावांनीही सिनेमांना संगीत दिलं. इतकी नावं असूनही लोकांच्या लक्षात एकही नीट राहिलं नाही, राहिली ती गाणी. वरातीत बँडवाला 'शोला' वाजवतो, आजोबा नाचतात, नातू नाचतो, पण संगीतकार कोण हे दोघांनाही माहीत नसतं. झेडझेड टॉपच्या चाहत्याला गिटारवादकाच्या दाढीची लांबीसुद्धा पाठ असते. आपल्या प्रेमात काही कमी नाही, फक्त नाव घ्यायचं राहून जातं.

म्हणून एक छोटीशी विनंती. यंदाच्या गॅदरिंगला कोणीतरी 'शोला'वर डान्स बसवणार, हे ठरलेलंच आहे. तेव्हा अनाउन्समेंट करताना फक्त सिनेमाचं नाव सांगून थांबू नका. संगीत सी. रामचंद्र, आवाज लता मंगेशकर आणि चितळकर, हे दोघे पुरुष खरं तर एकच आणि गाव पुणतांबे, एवढं माइकवर सांगा. मग खुशाल नाचा!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी