दोनदा निवडून आलेले व्यापारी : इझिकेल हार्ट

मुलांनो, इझिकेल हे नाव आपल्या घरांतलेच. पण आजचे इझिकेल कॅनडातले आहेत.

पुढे लोअर कॅनडा झालेल्या, म्हणजे आजच्या क्वेबेक प्रांतात, त्रॉ-रिव्हिएर नावाचे छोटे गाव होते. तेथे 1770 साली इझिकेल हार्ट यांचा जन्म झाला. वडील ॲरन हार्ट मोठे व्यापारी होते. इझिकेलही व्यापारात पडले. त्यांनी फरचा व्यापार केला आणि भावांबरोबर बिअरचा कारखाना काढला. वडिलांच्या पश्चात जवळच्या बेकांकूरची जमीनदारी त्यांच्याकडे आली.

1807 साली गावची प्रांतिक विधिमंडळातली जागा रिकामी झाली. हार्ट उभे राहिले. गावात बहुतेक वस्ती फ्रेंच कॅथलिकांची, तरी ते निवडून आले. रोजच्या व्यवहारातून लोक त्यांना ओळखत होते. निवडणूक शनिवारी झाली. शब्बाथ म्हणून त्यांनी त्या दिवशी शपथ घेणे टाळले. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. त्यांच्या वंशजांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

जानेवारी 1808 मध्ये हार्ट यांनी ज्यू रिवाजाने, डोके झाकून शपथ घेतली. सभागृहात वाद पेटला. फ्रेंच सभासदांचे बहुमत होते, आणि हार्ट इंग्रज गव्हर्नरच्या बाजूने मत देतील अशी त्यांना धास्ती होती. धर्माचे कारण आयतेच हाती आले. ज्यू माणसाला येथे बसता येणार नाही, असा ठराव 21 विरुद्ध 5 मतांनी झाला.

त्याच वर्षी पुन्हा निवडणूक आली. गावाने पुन्हा हार्ट यांनाच निवडले. या वेळी त्यांनी इतर सभासदांप्रमाणे ख्रिस्ती पद्धतीची शपथ घेतली. तरीही 1809 साली त्यांना काढलेच. वाकूनही दार उघडले नाही. त्यानंतर ते सभागृहात गेले नाहीत.

गावाशी मात्र त्यांनी नाते तोडले नाही. 1812 च्या युद्धात ते स्थानिक सैन्यात होते. पुढे त्यांचा मुलगा सॅम्युएल हक्कासाठी अर्ज घेऊन उभा राहिला, आणि 1832 साली लोअर कॅनडात ज्यूंना समान राजकीय हक्क देणारा कायदा झाला. इंग्लंडच्या संसदेत ज्यू सभासद बसायला 1858 साल उजाडावे लागले.

16 सप्टेंबर 1843 रोजी हार्ट वारले. त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी गावातली दुकाने बंद राहिली आणि सैनिकांनी त्यांना मानवंदना दिली. सभागृहाने दोनदा नाकारलेल्या माणसाला गावाने शेवटपर्यंत आपलेच मानले.

आता घरी आजी-आजोबांशी बोला : दुसऱ्या वेळी हार्ट यांनी इतरांसारखी शपथ घेतली, ते बरोबर होते का? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा.