कर्करुग्णांच्या सेविका : मदर अल्फोन्सा

कॅन्सरच्या रोग्याच्या खोलीत शिरताना आपले पाय जड होतात. जखमेला वास येतो, काय बोलावे ते सुचत नाही. असेच पाय जड झालेल्या एका बाईंची ही हकिगत आहे.

रोझ हॉथॉर्न यांचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील लेनॉक्स या गावी झाला. वडील नॅथॅनियल हॉथॉर्न हे नामवंत कादंबरीकार. सरकारी नेमणुकीवर ते लिव्हरपूलला गेले आणि रोझ यांचे बालपण इंग्लंड व इटलीत गेले. इंग्लंडमध्ये वडील एकदा गरिबांचा आश्रम पाहायला गेले होते. तेथे एक आजारी, गलिच्छ मूल त्यांच्या मागे लागले आणि मला उचलून घ्या म्हणून समोर उभे राहिले. मुळात भिडस्त माणूस, मनात किळसही आली, तरी त्यांनी मुलाला उचलले. पुढे पुस्तकात हा प्रसंग त्यांनी दुसऱ्या कोणाचा म्हणून लिहिला. तो त्यांचा स्वतःचाच होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर रोजनिशी छापली गेली तेव्हा कळले. वडिलांच्या सगळ्या लेखनात रोझ यांना तोच मजकूर सर्वांत मोलाचा वाटे.

त्यांचा स्वतःचा संसार मात्र सुखाचा झाला नाही. १८७१ मध्ये जॉर्ज लॅथ्रॉप या लेखकाशी लग्न झाले. एकुलता एक मुलगा १८८१ मध्ये घटसर्पाने गेला. पती-पत्नींनी १८९१ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, पण जॉर्ज यांचे दारूचे व्यसन सुटेना. अखेर १८९५ मध्ये दोघे विभक्त झाले.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संसर्गजन्य आहे अशी समजूत होती. बरे न होणाऱ्या गरीब रोग्याला इस्पितळात ठेवून घेत नसत. त्याची रवानगी ब्लॅकवेल बेटावरच्या गरिबांच्या आश्रमात होई. एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईची अशीच गत झाल्याचे रोझबाईंच्या कानी आले आणि ते त्यांच्या मनातून जाईना.

१८९६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या कॅन्सर इस्पितळात तीन महिने शुश्रूषा शिकल्या. सुरुवातीलाच चेहऱ्याच्या कॅन्सरच्या एका बाईची मलमपट्टी त्यांच्या वाट्याला आली. जखम पाहून त्यांना पळून जावेसे वाटले, पण त्या तिथेच थांबल्या. मला वाटते, पुढचे सगळे काम या थांबण्यातून उभे राहिले. रोगी आपल्या जखमेकडे पाहत नाही, तो नर्सच्या चेहऱ्याकडे पाहतो. तिथे किळस दिसली की औषधाने आलेला आराम निम्मा होतो. नुसती दयाही पुरत नाही, जखम न दुखवता धुता आली पाहिजे. म्हणून आधी हाताला शिक्षण हवे, हे रोझबाईंनी ओळखले होते.

त्याच वर्षी त्यांनी लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेतल्या. चेहऱ्याचा कॅन्सर असलेल्या त्याच बाईला इस्पितळातून काढले, तेव्हा तिला त्यांनी आपल्याच घरी आणले. १८९७ मध्ये ॲलिस ह्यूबर नावाच्या चित्रकार बाई पाहायला आल्या. त्यांनाही शिसारी आली. आठवड्यातून एक दुपार येईन, एवढेच त्यांनी कबूल केले. १८९८ मध्ये मात्र त्या कायमच्या राहायला आल्या.

दोघींनी रोग्याकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून एक पैसाही न घेण्याचा नियम केला. धर्म कोणता हेही विचारायचे नाही. पैसे देणारा आणि न देणारा असे दोन रोगी शेजारी ठेवले तर नर्सचे पाय कुठे आधी वळतील, हे सांगायला नको. खर्चासाठी रोझबाई वर्तमानपत्रांत लिहीत, देणग्या मागत. मार्क ट्वेन हे मोठे लेखकही त्यांचे मदतनीस होते.

८ डिसेंबर १९०० रोजी दोघींनी डॉमिनिकन व्रते घेतली आणि रोझबाई मदर अल्फोन्सा झाल्या. १९०१ मध्ये शहराबाहेर रोझरी हिल हे घर मिळाले. तेथील जुन्या इमारतीला आगीची भीती होती, म्हणून नव्या इमारतीसाठी पंचाहत्तरीतही त्या मदतीची पत्रे लिहीत राहिल्या. ९ जुलै १९२६ रोजी त्यांना झोपेतच मरण आले. तो त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस होता. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने त्यांना पूजनीय घोषित करण्यात आले.

त्यांच्यामागे संघाची धुरा आली ती ॲलिसबाईंकडे, आठवड्यातून एक दुपार येईन म्हणणाऱ्या.